पालथी पाटी

पाटी अजून पालथीच होती.

बांबूची, काठाला निळी नायलॉनची दोरी गुंडाळलेली, तळाशी उंदरानं कुरतडलेली मासळीची पाटी. गल्लीच्या पलीकडं ठमाबाईच्या ओट्यावर ती तोंड खाली घालून पडली होती, आणि खिडकीच्या गजाला कपाळ टेकून वेणूबाई तिच्याकडं टक लावून बघत होती, जणू नुसत्या बघण्यानं ती उलटणार होती. ऊन पायरीवर आलं, पायरीवरून ओट्यावर चढलं, पाटीच्या काठाला लागलं... ठमी कधी उन्हाच्या मागं उठलेली नाही. या कोळीवाड्यात ठमीच्या आधी फक्त कोंबडे उठतात, आणि ते तरी कुठले? ठमीचंच म्हणणं, माझ्या खोकल्यानं जागे होतात मेले आणि नाव स्वतःचं करतात.

झोपली असेल. माणसाला एखाद दिवशी लागते झोप.

पण 'झोपली' हा शब्द मनात आला तशी वेणूबाईला ठमीचं पापलेट आठवलं आणि तो शब्द तिला नकोसा झाला. डोळे पांढरे पडलेलं ते पापलेट ठमीनं अलिबागच्या बाजारात एका चष्मेवाल्या साहेबाच्या पिशवीत घातलं होतं. साहेब म्हणाला, हे मेलंय की दोन दिवसांपूर्वी. ठमी म्हणाली, "झोपलंय, साहेब. घरी नेऊन हाक मारा, उठंल." साहेब हसला आणि घेऊन गेला. असा ठमीचा धंदा. खोटं इतकं उघडं ठेवायची की ऐकणाऱ्याला ते खोटं म्हणायची लाज वाटावी.

पाट्यांची ही रीतही ठमीनंच काढलेली. विनितानं, मागल्या आळीतल्या विनितानं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांची मोट बांधली तेव्हा ती लाल-हिरव्या चिंध्या घेऊन आली होती. सकाळी उठलात की दाराला हिरवी बांधायची, म्हणजे समोरच्याला कळेल की तुम्ही ठीक आहात. हिरवी दिसली नाही तर समोरच्यानं जाऊन दार वाजवायचं. ठमी म्हणाली, "आमी काय आगीनगाडी हाव? पाटी हाय ना दाराशी." सगळ्यांना पटलं, कारण पाटी जन्मभर हेच सांगत आली होती. सुलटी पाटी म्हणजे बाई बाजाराला निघाली; पालथी म्हणजे होड्या रिकाम्या आल्या, आज धंदा नाही. आता बाजार सुटला, डोक्यावरची चुंबळ सुटली, पण रात्री पाटी पालथी घालायची आणि सकाळी सुलटी करायची एवढं काम पुन्हा हाताला आलं. मी उठले. मी आहे. कुणीतरी बघा.

आणि विनितानं जोड्या लावल्या त्या समोरासमोरच्या घरांच्या. वेणूबाईनं कपाळाला हात लावला होता. ठमीशी तिचं बोलणं बंद होतं – बाजारातल्या एका फरशीवरून, जिच्यावर दुपारपर्यंत सावली असायची. भावेशच्या वेळी बाळंतीण होऊन वेणूबाई घरी निजली आणि तेवढ्यात ठमीनं ती फरशी बळकावली. भावेशला आता टक्कल पडलंय, पण अबोला कसा टणटणीत होता. विनिता म्हणाली, बोलू नका हवं तर, बघा नुसतं. म्हणून दोघी बघू लागल्या. आणि रोज सकाळी आधी एकाच माणसाकडं बघायचं म्हटलं, की महिन्या-दोन महिन्यांत तोंडातून काहीतरी निघतंच. पहिलं वाक्य ठमीचं होतं – "पाटी तरी धू, गल्लीभर वास येतो." त्या दिवशी वेणूबाईला भाकरी जास्त गेली.

घोट्यात कळ उठली. तिनं पाय खाटेवर ओढून घेतला.

घोटा टम्म होता, पिठाचा गोळा फुगावा तसा, आणि कडेनं निळा. काल तिन्हीसांजेला मागच्या अंगणात बोंबील काढताना ती पडली. पडली म्हणजे – पाय कुठं होता आणि जमीन कुठं होती याचा मेळच बसला नाही. मग थोडा वेळ ती तशीच आभाळाकडं बघत राहिली. वरती वाळत घातलेले बोंबील लोंबत होते, तोंडात तोंड अडकवलेले, आणि सगळे तिच्याकडं बघत होते. ते काही बोलणार नव्हते. दुसऱ्या कुणी बघितलं नाही, एवढी खात्री करून घेऊन ती बांबू धरून उठली. दुखलं ते नंतर.

कुणी बघितलं नाही ना, हेच आधी. कारण पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली तेव्हा विनितानं भावेशला फोन केला होता – तिचा नियमच तसा, कुणी पडलं तर मुलाबाळांना कळवायचंच – आणि भावेश त्याच रात्री गाडी घेऊन आला होता. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं. "आये, पुन्हा पडलीस तर सामान बांधायचं," एवढंच म्हणाला, "मग वाद न्हाय." उलव्याला, अकराव्या मजल्यावर. तिथं सून सुचिता आहे, आणि ती चांगली आहे, हीच पंचाईत. वाईट सुनेशी भांडून परत येता येतं. चांगल्या सुनेनं बोंबील तळताना हळूच खिडक्या लावून घेतल्या तर माणसानं कुणाशी भांडायचं? तिथं सकाळी उठायचं आणि... समोर कुणाचा ओटा नाही. समोर आभाळ. उठले हे कुणाला सांगायचं, घारीला?

म्हणून आज पहाटे तिनं शक्कल लढवली. लंगडत ओट्यावर गेलं असतं तर कोणी ना कोणी बघितलं असतं, आणि वाकून उठता आलं असतं की नाही देव जाणे. तिनं दार बोटभर उघडलं, फटीतून काठी बाहेर सारली, आपल्या पाटीच्या काठाखाली टोक घातलं आणि झटका दिला. पाटी उडाली, धप्प आवाज झाला, दार बंद. ना वाकणं, ना दिसणं. स्वतःवर इतकी खूश झाली की कळ दोन घोट चहापुरती थांबली. मग ठमीची पाटी बघायला ती खिडकीशी बसली... ती बसलीच.

खाजणाच्या चिखलात तिसऱ्या, शिंपल्या काढायला गेली असेल. ओहोटी आहे. पण चपला पायरीवर. वाण्याकडं? चपला, बाई, चपला.

जाऊन दार वाजवायचं, एवढंच. गल्ली ती केवढी, चार ढांगांची. पण त्या चार ढांगा लंगडत टाकायच्या, आणि तेवढ्यात कोण कुठल्या दारातून डोकावेल सांगता येत नाही, आणि संध्याकाळपर्यंत उलव्याला कळलेलं असेल. आणि ठमी आतून म्हणणार, काय गं, मेले का बघायला आलीस? म्हणजे घर जायचं ते ठमीच्या झोपेपायी. थोडं थांबू. ऊन त्या कुरतडलेल्या जागेपर्यंत येऊ दे.

गेल्या गुरुवारी... नको ते. पण ते आलंच. समाजमंदिरात विनिता खुर्चीला धरून एका पायावर उभं राहायला लावते, सगळ्या म्हाताऱ्या बगळ्यांसारख्या रांगेत. ठमीनं पाय उचलला आणि तिचा चेहरा एकदम रिकामा झाला, दिवा जावा तसा. खुर्ची तिनं अशी धरली की बोटं पांढरी पडली. शेजारी वेणूबाईच होती. दोघींची नजर भेटली. ठमीनं डोळा बारीक केला – बाजारात वजनाच्या वेळी करायची तसा. बोलू नकोस. विनितानं विचारलं, ठमाआजी, चक्कर आली का? तर ठमीनं लगेच गोष्ट सुरू केली: तरुणपणी तिनं डोक्यावरून एक घोळ मासा नेला होता, त्याचं शेपूट थळपासून अलिबागपर्यंत रस्ता झाडत आलं, मागं ग्रामपंचायतीला झाडू मारायची गरज उरली नाही; तेव्हापासून मानेला हा झोल. सगळी हसली. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं?

मीच. मला माहीत होतं आणि मी हसले. तू माझं झाक, मी तुझं झाकते – फरशीसाठी भांडणाऱ्या आम्ही दोघी, या एका सौद्यात मात्र एका शब्दाची घासाघीस झाली नाही.

फोन वाजला तशी ती दचकली. विनिता. रोज सकाळी ती प्रत्येक जोडीतल्या एकीला विचारते, दुसरीचं काय. आज ती याच म्हाताऱ्यांतल्या तुळशीरामला डोळ्याच्या ऑपरेशनला अलिबागला घेऊन गेली होती. मागं दवाखान्याची गडबड ऐकू येत होती.

"वेणूआजी, उठलात ना? ठमाआजी?"

वेणूबाईनं खिडकीतून बघितलं. ऊन कुरतडलेल्या जागेवरून पुढं गेलं होतं.

आता. आता सांगायचं. सांगितलं की विनिता म्हणणार, मग जाऊन दार वाजवा ना. आणि का नाही गेलात?

"सुलटी हाय," वेणूबाई म्हणाली. "दोघींचीबी."

"बरं झालं. मी दुपारी येते, आज डब्यात सोलकढी आहे."

फोन बंद झाला. ते वाक्य मात्र खोलीत राहिलं. मासळीसारखं – आत्ता ताजं होतं, बघता बघता त्याला वास येऊ लागला. ठमीनं जन्मभर खोटं विकलं, पण तिच्या खोट्यानं माणसं हसली. माझ्या एकाच खोट्यानं तिच्या दाराला कडी लावली. आता दुपारपर्यंत कुणी येणार नाही. पुरुष होड्यांवर, बाया बंदरावर नाहीतर बाजारात; कारखान्याची बस मघाशीच कामगारांना घेऊन गेली. सबंध गल्लीत दोन म्हाताऱ्या आणि एक मांजर. आणि दोन म्हाताऱ्या कशावरून?

पावलं वाजली. टोकाच्या घरातली नवी सून कोकिळा, वैशाखात लग्न होऊन आलेली, डोक्यावर पाटी घेऊन झपाझप टेम्पोकडं निघालेली. वेणूबाई खिडकीला लगटली. हिला सांगावं. ही दार वाजवील, हिला नियम माहीत नाहीत, ही माझ्या पायाकडं बघणारही नाही... तोंड उघडलं, पण पहिला शब्द कुठला घ्यावा तेच सुचेना. कोकिळेनंच चालता चालता मान वळवली.

"काय आजी, आज दोघींचीबी सुट्टी वाटतं?"

"व्हय बाय," वेणूबाई म्हणाली. सवयीनं. विचारलं की हो म्हणायचं, पोर पुढं जाते. गेलीच. टेम्पोचा आवाज आला आणि विरला.

मग तिनं फोन घेतला आणि ठमीचा फोटो दाबला. दोघींना अक्षरं धड वाचता येत नाहीत म्हणून विनितानं फोटो घालून दिलेत. ठमीनं फोटोसाठी कानातल्या बुगड्या घातल्या होत्या. घंटी गल्लीच्या पलीकडून ऐकू आली. ठमीच्या घरातून, जमिनीजवळून कुठून तरी, की तिला तसं वाटलं... आई एकवीरेची आरती वाजत होती. बंद खोलीत एकटी आरती, घरात माणूस नसल्यासारखी. वेणूबाईनं कान गजाला लावला. वाजली, वाजली – आणि मध्येच थांबली.

थांबली की थांबवली?

घंटी पुरती वाजून थांबते ती वेगळी. ही कडव्याच्या मध्येच तुटली. की आज आपल्यालाच ती लांबल्यासारखी, तुटल्यासारखी... लाल खूण दाबली की घंटी बंद होते हे ठमीला येतं, दोघींना एकदमच शिकवलं होतं. मग जागी आहे? जागी आहे आणि उचलत नाही? कशाला? मी काय तिचा घास खाणार होते?

तिला राग आला, आणि राग आल्याचं इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. बसलीय आत. नक्की बसलीय पडद्याआड. पुन्हा चक्कर आली असणार, कुठंतरी आपटली असणार, आणि तोंड सुजलंय म्हणून दाराबाहेर येत नाही. आणि मी इथं जीव टांगून. अगं पण मग एवढं तरी करायचंस, पाटी सुलटी करायला काय...

दोघींचीबी.

कोकिळेचं वाक्य आता कुठं तिच्यापाशी पोचलं. आज दोघींचीबी सुट्टी. त्या पोरीला ही नवी रीत ठाऊक नाही. तिला पाटीची जुनीच भाषा येते – पालथी म्हणजे आज धंदा नाही. ती गल्लीतून गेली, तिनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं.

वेणूबाई काठी धरून उठली. पाय टेकला तशी कळ मांडीपर्यंत गेली. दार तिनं बोटभर उघडलं, मग हातभर, मग सताड.

तिची पाटी ओट्याच्या पार कडेला जाऊन पडली होती. पालथी. पहाटेच्या झटक्यानं ती एकदा नाही, दोनदा उलटली होती.

म्हणजे सकाळपासून... ठमी जर जागी असेल, तर सकाळपासून तीही खिडकीला कपाळ टेकून हेच बघत असेल. वेणीची पाटी पालथी. झोपली असेल. चपला पायरीवर. जावं का. गेलं तर दिसेल. थोडं ऊन येऊ दे. आणि मघाशी फोन वाजला तेव्हा? तेव्हा तिला कळलं असेल, वेणी जिवंत आहे, आणि सुटकेचा श्वास टाकून तिनं लाल खूण दाबली असेल, चोरासारखी. कारण मी तरी काय केलं असतं?

आणि ठमी जर जागी नसेल –

तिथं तिचं मन थांबलं. पुढं जाईना. पालथ्या पाटीखाली काय आहे ते वरून दिसत नाही.

पलीकडं ठमीच्या खिडकीचा पडदा हलला. वारं होतं. वारं सकाळपासूनच होतं.

वेणूबाईनं आपली पाटी सुलटी केली नाही. ती तशीच ठेवून ती पायरी उतरली, सुजलेला पाय भर गल्लीत, भर उन्हात, सगळा भार देऊन टाकला, कालपासून पहिल्यांदा न लपवता. उलवं त्या वेळी फार लांब राहिलं. अकरावा मजला, चांगली सून, बंद खिडक्या, सगळं भरतीला गेलेल्या होडीसारखं बारीक झालं. जन्मभर ठमीच्या खोटेपणाला तिनं शिव्या दिल्या होत्या. आता काठीवर वाकून, दाराकडं बघत, ती मनातल्या मनात तेवढंच मागत होती – आई एकवीरे, ही बाई माझ्यासारखीच असू दे. आत दडून बसलेली असू दे. माझ्याइतकीच लबाड, माझ्याइतकीच भित्री असू दे.

"ठमे," तिनं हाक मारली. "ए ठमे."

आणि हाक मारल्यावर उठतं हे ठमीचंच खोटं खरं मानून ती ऐकत उभी राहिली.