झिलीची जागा

पासलीच्या मारुतीच्या देवळात रामनवमीला दुपारी पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सभामंडपात बाया सीतेचा वनवास म्हणतात. रामाचं कौतुक झालं की तिचंही कुणीतरी म्हणायला हवं, अशी तिथली रीत. एक बाई खांबाला टेकून ओवीचा पहिला चरण सोडते, बाकीच्या दुसऱ्या चरणानं झील धरतात. सीता घरातून निघते तिथून धरणीच्या पोटात जाते तिथवर, ऊन कलेपर्यंत हे चालतं.

खांबाची ती जागा सगुणाबाईची होती. दिवाळीनंतरच्या थंडीत सगुणाबाई गेली. तेव्हापासून गावात झील धरणाऱ्या पुष्कळ उरल्या आणि चरण सोडणारी कुणीच उरली नाही.

यंदा पाळणा आटोपल्यावर बाया उठेनात. सगुणाबाईचा मुलगा अजित स्पीकर घेऊन आला होता. आई असताना मागच्या उन्हाळ्यात त्यानं तिला भोरला नेऊन हा सबंध वनवास ध्वनिमुद्रित करून घेतला होता. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या गोरखनं आपल्या दुकानात, दोन कामांच्या मधल्या वेळात, स्वस्तात करून दिला होता. आता अजितचं म्हणणं एवढंच, की उद्या हेच लावावं.

"आई हाय की यात," तो म्हणाला. "जागा रिकामी कशापायी ठेवायची?"

बायांनी लीलाबाईकडं पाहिलं. सगुणाबाईच्या उजव्या हाताला बसून जन्मभर पहिली झील तिनं दिलेली. सगळ्या ओव्या पाठ असलेली आता तीच एक. "तुमी ऐका आन् सांगा," बाळाबाई म्हणाली. "तुमी व्हय म्हनाल तर लावू. न्हाईतर खांबाला तुमीच टेका."

लीलाबाईनं मनातल्या मनात मारुतीला हात जोडले, चांगलं निघू दे रं बाबा. खांबाला टेकायचं तिला नको होतं. कुणी चरण टाकला की तो उचलणारा गळा तिचा. आपणहून टाकणारा नव्हे. ध्वनिमुद्रण बरं निघालं तर ती सुटणार होती.

अजितनं बटण दाबलं.

आधी बासरी वाजली. मग टाळ्यांसारखं काहीतरी, मग ढोलकी, आणि त्यातून सगुणाबाईचा आवाज आला, विहिरीत उतरून कुणी हाक मारावी तसा घुमत.

"अगं बया," बाळाबाई म्हणाली, "सीतामाईला वनात धाडलंय का वरातीत?"

हसू फुटलं आणि विझलं, कारण अजित खाली बघत होता. लीलाबाईनं डोळे मिटले. ती चांगलं शोधत होती. आवाज तर सगुणाचाच होता, कडेला किंचित फाटलेला, जुन्या लुगड्याच्या काठासारखा. पण दुकानातला पंखा त्यात घरघरत होता. ढोलकी घाईनं पुढं पळे आणि सगुणा आपल्या चालीनं मागून येई.

*रान इचारी सीतेला, तुझं माहेर कुठं गं*

लीलाबाईच्या ओठांवर पुढचा चरण आलाच होता, *नांगराच्या तासाखाली, माय निजली तितं गं*; तेवढ्यात बासरी तिच्या तोंडावरून गेली. दर ओवीला तसंच. पहिला चरण झाला की बाजा.

"ही बासरी कुठनं आली रं?" तिनं विचारलं.

"गोरख म्हनला, आई मधी मधी गप बसत हुती, तितं मोकळं मोकळं वाटतं. म्हनून भरलं त्यानं."

त्या उन्हाळ्यात लीलाबाई सारोळ्याला होती, लेकीच्या बाळंतपणाला. सगुणा एकटीच दुकानात बसलेली. गोरखला काय ठाऊक, ती का गप बसत होती.

बाहेरून, शेतात पेरणीआधी भाजलेल्या राबाचा वास येत होता. वनवास पुढं गेला. लक्ष्मणानं रथ थांबवला, सीता उतरली.

*रथ फिरला माघारी, दीर बोलंना वळून*

आणि बासरी आली नाही.

इथं गोरखचा हात राहून गेला असावा. पंख्याची घरघर होती, लांबून एसटीचा हॉर्न होता, आणि त्याच्या अलीकडं बांगड्या हळू वाजत होत्या. मांडीवर बोटांनी ठेका धरल्यावर वाजतात तशा. सगुणा मोजत होती. एका झिलीला लागतो तेवढाच वेळ, कमी नाही, जास्त नाही. मग "हं," असा तिचा हुंकार आला. झील नीट पडली की ती लीलाबाईकडं न बघता द्यायची, तोच. आणि ती पुढच्या ओवीला लागली.

लीलाबाईनं डोळे उघडले. "मागं घे," ती म्हणाली.

अजितनं मागं घेतलं. *दीर बोलंना वळून.* बांगड्या वाजू लागल्या, आणि त्या मोकळ्या जागेत लीलाबाईनं गळा सोडला:

*धूळ बसली खालती, सीता उभीच अजून*

"हं," सगुणाबाई म्हणाली.

बाळाबाईनं पदर तोंडाशी नेला. ध्वनिमुद्रण तसंच पुढं चाललं आणि पुढच्याच ओवीला बासरी परत आली.

"बंद कर, लेकरा."

अजितनं बंद केलं. "वाईट हाय?"

"स्वस्तातलं हाय, त्याला त्यो पोरगा काय करंल? आन् आवाज तर तुझ्या आईचा. त्याला नाव ठिवायला माझी जीभ उचलायची न्हाई." लीलाबाईनं खांबाकडं पाहिलं. "पर उद्या हे लावू नगंस. ती दर ओवीला आपली वाट बघत बसलीया, आन् आपुन हितं नुसतं ऐकत बसायचं? झिलीबिगर वनवास देवापुढं व्हत न्हाई."

"मग हे काय करू म्या?"

"घरी ठिव. तुझ्या लेकीला मांडीवर घे, आन् ही एक ओवी लाव. झील तिच्याकडनं घे. आजी बरोबर हं म्हनती का बघ."

अजितनं मान हलवली आणि स्पीकर उचलून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लीलाबाई खांबाला टेकली. दगड थंड होता. तिनं पहिला चरण सोडला, तो बारीक निघाला, पण निघाला. आणि तो संपताच सवयीनं तिच्याच तोंडून झीलही सुरू झाली.

"ए, ते आमचं हाय!" बाळाबाईनं मांडीवर थाप मारली. "तुमी गप ऱ्हावा."

बाया हसल्या. लीलाबाईही हसली, ओठ मिटून घेतले, आणि बोटांनी मांडीवर ठेका धरला. तिच्या बांगड्या वाजल्या. समोरून सगळ्यांची झील उठली आणि तिच्यापर्यंत आली. इतकी वर्षं सगुणाकडं ती कशी पोचत असेल, ते आज तिला इथून ऐकू आलं.

"हं," ती म्हणाली, आणि पुढच्या ओवीला लागली.