अंधारबाई

दोन्ही आलेख एकमेकांवर बसेनात. अंधारबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बसत नव्हते ते नव्हतेच.

प्रयोगशाळेत शिरल्या की आधी दिवे मालवायच्या, म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेलं हे नाव. ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. कोणता रेणू कोणता प्रकाश शोषतो आणि उजळून कोणता परत देतो, हे मोजण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. नमुने मात्र कायम दुसऱ्यांचे. आता निवृत्तीच्या तोंडावर एक रेणू त्यांचा स्वतःचा होता, आपल्या हाताने बनवलेला आणि निळा चमकणारा. त्याच्या जातकुळीतला एकही रेणू आजवर चमकलेला कुणी पाहिला नव्हता. उद्या निरोप समारंभात सगळ्या विभागासमोर त्यांना तो मांडायचा होता.

मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, गेले त्यानंतरच्या हिवाळ्यात ती चमक पहिल्यांदा दिसली. घरी घास उतरत नव्हता, घर खायला उठत होतं. त्या दिवसांत या निळ्या उजेडानेच बाईंना उभं ठेवलं.

पण रेणू जो प्रकाश गिळतो, त्याच प्रकाशाने तो उजळायला हवा, म्हणजेच गिळण्याचा आणि उजळण्याचा आलेख जुळायला हवा. इथे गिळत होता एक आणि उजळत होता भलत्याच प्रकाशाने. ‘जेवला एक आणि ढेकर दिली दुसऱ्याने, असं दिसलं की समजायचं, ताटावर कुणीतरी परका बसलाय,’ असं त्या विद्यार्थ्यांना सांगत. हा ताळा त्या इतरांच्या प्रत्येक नमुन्याचा पाहत. स्वतःच्या रेणूचा तेवढा राहिला होता. राहिला होता की ठेवला होता, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मग परक्याचा शोध सुरू झाला. रेणू विरघळवायचा द्रावक स्वच्छ होता, तो थेट बंद बाटलीतून यायचा. रेणूच्या काचेच्या कुप्या मात्र त्या स्वतः धूत आणि स्वतः पुसत. पुसता पुसताच त्यांचा हात थांबला.

हातात मास्तरांच्या सदऱ्याचं फडकं होतं. जुनं सुती कापड, धागे सुटत नाहीत, म्हणून मास्तर गेल्यावर त्यांनी एक सदरा फाडून इथे आणला होता. मास्तरांना पांढऱ्या सदऱ्यांचं भारी वेड. स्वतः धुवायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत आणि पावडर अशी ओतायचे, जणू साबणाचा कारखाना घरचाच आहे. कपडे पांढरे दिसावेत म्हणून त्या पावडरीत जे द्रव्य घालतात, ते निळं चमकतं. हे बाईंनी दरवर्षी पहिल्या तासाला शिकवलं होतं.

नव्या कुपीत, कापड न लावता त्यांनी रेणू पुन्हा मोजला. आलेखाची रेघ आडवी पडून राहिली.

विभागप्रमुख एकेकाळचा त्यांचाच विद्यार्थी. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, उद्याचं रद्द करू, तब्येतीचं कारण सांगू, निरोप समारंभाला कशाला गालबोट.

“नको रे,” बाई म्हणाल्या. “मी सुतावरून स्वर्ग गाठला. ते माझ्याच तोंडून सांगू दे.”

दुसऱ्या दिवशी त्या उभ्या राहिल्या आणि आपला रेणू चमकत नाही, एवढं सांगून आलेख दाखवले. फडकं कुणाचं, तेही सांगितलं. कुणी हसलं नाही.

सगळे पांगल्यावर त्या प्रयोगशाळेत आल्या. सवयीने दिवे मालवले आणि ते फडकं अतिनील दिव्याखाली ठेवलं. कापड निळसर पांढरं पेटलं. कॉलरची घडी दिसली, टाक्यांची ओळ दिसली, एक उसवलेलं काजही दिसलं. एरवीच्या उजेडात त्या फडक्यात आता पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“अहो, किती पावडर घालता,” त्या म्हणाल्या.

मग दिवा बंद करून त्यांनी फडक्याची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. खोलीतले दिवे लावायला मात्र त्या लगेच उठल्या नाहीत.