साखरेआधी मीठ

गाडीच्या चेपलेल्या कोपऱ्यावरून कायोने बोट फिरवलं आणि हिरवा रंग लागलेलं ते बोट तसंच वर धरून ती स्वयंपाकघरात आली.

"आई, हे काय आहे?"

सेत्सुकोबाई अळकुड्या सोलत होत्या. सुनेच्या बोटाकडे त्यांनी पाहिलं, पण सुरी काही थांबली नाही.

"रंग."

"कसला?"

"हिरवा. डोळेही गेले वाटतं तुझे?"

काल लेकीला, नाओला, पोहण्याच्या क्लासहून आणताना सासूबाईंनी सुपरमार्केटच्या पार्किंगमधल्या हिरव्या लोखंडी कुंपणावर गाडी घातली होती. ब्रेकऐवजी पाय ॲक्सिलरेटरवर पडला असणार. हे कायोला सासूने नाही, सात वर्षांच्या लेकीने झोपताना सांगितलं. आणखीही एक सांगितलं होतं, की नंतर आजी किती तरी वेळ स्टिअरिंग धरून नुसती बसून राहिली. पण पहिलं ऐकूनच कायोच्या अंगाचा इतका तिळपापड झाला होता की दुसऱ्याकडे तिचं लक्षच गेलं नाही.

"कुंपण फार पुढे बांधलंय त्यांनी," सेत्सुकोबाई म्हणाल्या.

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

"जन्म गेला माझा या नागोयात गाडी चालवण्यात. इथे पिवळा दिवा म्हणजे दाब, आणि लाल म्हणजे जरा बघून दाब. इंडिकेटर दिला की लोक म्हणतात, परगावचा दिसतो. तू कधी उतरलीस का त्या रस्त्यावर? तुझं लायसन्स पाकिटात झोपा काढतंय."

ते खोटं नव्हतं. कायोच्या लायसन्सवर एक डाग नव्हता, कारण ते मिळाल्यापासून तिने गाडीला हातच लावला नव्हता. नवरा बदलीवर सेंदाईला, महिन्यातून एकदा घरी यायचा. त्यामुळे गाडीची किल्ली सासूबाईंच्या एप्रनच्या खिशात असायची आणि घरही त्याच खिशातून चालायचं.

"आज अबॅकसच्या क्लासहून नाओला तुम्ही आणायचं नाही. किल्ली द्या मला."

आता मात्र सुरी थांबली.

"किल्ली? ज्या दिवशी माझ्या हातून साखरेआधी मीठ पडेल ना, त्या दिवशी माग किल्ली. तोवर तोंड मीट आणि मुळा कीस."

कायोने दात खाऊन मुळा किसायला घेतला. साखर आणि मीठ! लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात तिने याच अळकुड्या शिजवल्या होत्या. सासूबाईंनी एक घास खाल्ला, चॉपस्टिक्स खाली ठेवल्या, वाटी दोन बोटं पुढे सारली. नंतर भांडी घासताना म्हणाल्या, "साखर लाजाळू पाहुणी असते, तिला आधी घरात घ्यायचं. मीठ आधी शिरलं की ते दार लावून घेतं." तेव्हापासून ती वाटी किती वेळा पुढे सरकली, याचा हिशेब ठेवणं कायोने सोडून दिलं होतं. पण त्यातली एकही ती विसरली नव्हती.

माकूल मासळी कापून झाली. अळकुड्या पातेल्यात उकळू लागल्या. सेत्सुकोबाईंनी फळीवर हात नेला आणि निळ्या झाकणाचा डबा खाली काढला. निळ्या झाकणाचा डबा मिठाचा.

कायोचा हात किसणीवर थबकला.

चमचाभर मीठ पातेल्यात गेलं. मग लाल झाकणाचा डबा आला, साखर गेली, सोया सॉस गेला, वर रश्श्यातच टेकणारं छोटं लाकडी झाकण तरंगू लागलं. सेत्सुकोबाईंनी ओट्यावरून फडकं फिरवलं. चेहऱ्यावर काही नाही. कायो बोलली असती तर एका हाकेत काम झालं असतं, पण ती बोलली नाही. तिला ते ताटात यायला हवं होतं.

जेवायला दोघीच होत्या. कायोने अळकुडी तोंडात घातली. बाहेरून खारट, आतून अळणी, दाताखाली कचकच. सासूबाई तिच्याकडेच बघत होत्या.

"कसं झालंय?"

कायोने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. वाटी दोन बोटं पुढे सारली. हा क्षण तिने मनात इतक्या वेळा घोळवला होता, की आता तो भराभर संपतोय याचंच तिला वाईट वाटलं.

सेत्सुकोबाईंनी एप्रनच्या खिशातून किल्ली काढली आणि वाटीशेजारी ठेवली.

"बोलले ते बोलले. पण शेजारी मी बसणार. तुझ्या एकटीच्या हातात नात देणार नाही मी."

"माझी मुलगी आहे ती!"

"म्हणूनच."

त्या चपला चढवून बाहेर गेल्या. कायोने नाओसाठी बार्लीचा चहा घ्यायला फ्रिज उघडला. बाटलीमागे नाओचा सशाच्या चित्राचा डबा होता. झाकण उघडलं तर आत अळकुड्या आणि माकूल, गार झालेलं. सकाळी कायो उठण्याआधी केलेलं असणार. तिने एक अळकुडी उचलून तोंडात टाकली.

जिभेवर ठेवताच विरघळली. साखर पार गाभ्यापर्यंत पोचली होती, आणि मीठ जिथे हवं तिथेच होतं.

फ्रिज उघडा राहिला म्हणून टुकटुक करू लागला तशी ती भानावर आली. निळं झाकण, लाल झाकण. स्टिअरिंग धरून नुसती बसून राहिलेली आजी. कायोने डबा होता तसा बाटलीमागे सरकवला आणि ओठ पुसले.

सेत्सुकोबाई गाडीत डाव्या सीटवर ताठ बसल्या होत्या, पट्टा लावून.

"किती नटशील? पोरगी दारात उभी राहील तिकडे."

कायोने किल्ली फिरवली. फाटकापलीकडे रुंद रस्त्यावरून गाड्या एकमेकींना कापत सुसाट चालल्या होत्या.

"आधी आरसा," सेत्सुकोबाई समोर बघत म्हणाल्या. "मग इंडिकेटर. लोक हसले तर हसू देत. मग मान वळवून बघ. क्रम चुकवू नकोस."

कायोने आरसा पाहिला. इंडिकेटर दिला.

"आई."

"काय आता?"

कायोने मान वळवून रस्ता पाहिला.

"इतकं खारट मी जन्मात खाल्लं नव्हतं."

"वय झालं माझं," सेत्सुकोबाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच सीटला पाठ टेकून बसल्या. "रस्त्याकडे बघ."