प्रकृती उत्तम

मला कसलाही रोग नाही. एवढं लिहून आणायला मी अडुसष्ट साली पहूरहून थेट धुळ्याला गेलो. जळगाव जवळ होतं, पण तिथल्या दवाखान्यात आमच्या गावचं कोणी ना कोणी बाकावर बसलेलं असतंच.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मी बायकोला, लताला, हात लावला नव्हता. इच्छाच होत नाही. तिच्याबद्दल नाही, कोणाबद्दलच नाही. बाकी केळीचे दोन घड दोन खांद्यांवर घेऊन बांधापर्यंत जातो, चार भाकरी खातो, पडल्या पडल्या झोपतो. लताशी माझं पटतंही. पण मूल नाही म्हटल्यावर घराचं नाक आमच्या खोलीकडे. आई रोज सकाळी आमच्या गोधड्या उलटून बघायची. थोरला भाऊ नथ्थू माझ्या दुधात कसलीशी पूड टाकायचा. ती पिऊन मला हगवण लागायची. आजार म्हणाल तर तेवढाच, आणि तोही घरच्यांनी दिलेला.

धुळ्याच्या डॉक्टरनं सगळं तपासलं. मग दार लोटून विचारलं, "बाहेर कुठे जातोस?"

"नाही."

"एखादा मित्र?"

"मित्र आहेत. तसला नाही."

"मग लपवतोयस काय?"

"असतं तर लपवलं असतं, साहेब."

त्याला ते पटलं नाही. पण कागदावर दुसरं काही लिहिताही येईना. लिहिलं, प्रकृती उत्तम.

मी गाढव. वाटलं, कागद बघून घर गप्प बसेल. नथ्थूनं तो ओसरीवर मोठ्यानं वाचला, आणि आईनं माझ्याकडे नाही, लताकडे पाहिलं.

"पोरगा धडधाकट हाये. मंग खोट कोनात हाये?"

"आई, खोट कोनातच नाही. आम्ही..."

"तू गप! तुले तिनंच पढवलं."

आठवड्याभरात लताची पत्र्याची पेटी ओसरीवर आली. तिला माहेरी धाडायचं आणि मला दुसरी करायची. कायद्यानं बंदी होती. नथ्थू म्हणाला, "कायदा काय पाळना हलवायले येतो का?"

जामनेरहून मगनआबा आले, लेकीसाठी मला बघायला. चहा घेताना त्यांचं लक्ष एकदा माझ्यावर, एकदा पेटीवर.

"पहिलीले काय झालं?"

"वांझ हाये," आई म्हणाली.

मग माझं डोकं फिरलं. "आबा, ती वांझ हाये का नाही, ते कोनालेच ठाऊक नाही. म्या तिले नऊ वर्सांत हात लावला नाही. तुमच्या पोरीलेबी लावनार नाही. कागद खरा हाये. मी धडधाकट हाये आन् मले हे नको हाये, बस!"

मगनआबांनी कप खाली ठेवला. "नथ्थू, बैल इकतानाबी खोड सांगतात रे!" म्हणाले आणि चपला शोधू लागले.

ते वळणावर दिसेनासे झाले तशी नथ्थूनं माझ्या थोबाडीत मारली. आई छाती बडवत होती. संध्याकाळपर्यंत एस.टी. स्टँडवर मला नाव पडलं, बिनघडाची केळ. पडू द्या. आता कुठल्याच पोरीचा बाप आमच्या ओसरीवर येणार नव्हता. मी पेटी उचलून खोलीत नेली.

लतानं दाराआडून सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, दोन बरे शब्द मिळतील.

"त्या पोरीच्या बापाले सांगितलं," ती म्हणाली. "माह्या बापाले का नाही सांगितलं?"

"तव्हा मलेच कळलं नव्हतं."

"खरं?"

"खरं."

तिनं पेटी उघडली नाही. झाकणावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"माह्याकडे बघून म्हना," ती म्हणाली.