वडाशी अडलेलं गाव

देवळाच्या मंडपात पांढरी चादर ताणली होती आणि त्या चादरीवर अख्खा आवळेवाडा चालत होता. तळी आली, तळीतलं आभाळ आलं. माडांची रांग आली, रांगेमागून सुपारीच्या कुळागराची सावली आली. जो तो आपलं घर ओळखून बोट दाखवत होता. यशोदाकाकीचं अंगण आलं, अंगणातली तुळस आली, तुळशीमागच्या दोरीवर वाळणारी लुगडी आली, तशी काकी बसल्या जागेवरून ओरडली, "गो क्षमा, ती दोरी काढ गो! आखातातल्या लोकांका काय माजी लुगडी दाखवतंस?"

सगळा मंडप हसला.

हे गाव सगुण नावाच्या गावकऱ्याच्या मुलीनं, क्षमानं, लॅपटॉपवर घडवलं होतं आणि प्रोजेक्टरनं चादरीवर सोडलं होतं. म्हापशाच्या एका कचेरीसाठी ती घरांची अशीच फिरती चित्रं करायची. तीच तिची नोकरी, आणि तो लॅपटॉप हेच तिचं दुकान. बोटींवर नि आखातात असलेल्या, जत्रेला येऊ न शकणाऱ्या गावकऱ्यांना घरबसल्या गावातून फिरता यावं, म्हणून देवस्थान समितीनं हे काम तिला दिलं होतं. ही आधी काढून ठेवलेली चित्रफीत नव्हती. कळ दाबाल तिकडे पाऊल वळायचं आणि त्याच क्षणी यंत्र समोरचं चित्र काढायचं.

क्षमानं वडाकडे कळ दाबली. आणि गाव अडखळलं.

वडाखाली राखणदाराची जागा. हातात दांडा, खांद्यावर घोंगडी, रात्रंदिवस वेस राखणारा तो, असं पेडण्यातलं पोर पाळण्यात असल्यापासून ऐकतं. चित्र त्या वडापाशी आलं नि कोणी पदर धरून मागे ओढावं तसं एकेक झटका घेत उभं राहिलं. क्षमा मागे फिरली. तळीपाशी पाणी कसं झुळझुळत होतं. पुन्हा वडाकडे. पुन्हा झटका.

"राखणदार," कोणीतरी हळूच म्हणालं.

"राखणदार," मंडप म्हणाला.

"फ्रेम रेट," क्षमा म्हणाली. "एका सेकंदात साठेक चित्रं भरभर निघाली तर आमका हलल्यासारखा दिसता. यंत्राक जमला नाय की आठ-नऊच निघतत. मगे ता अडाखळता."

"मगे माज्या लुगड्यांकडे कशी साठ निघाली?" यशोदाकाकीनं विचारलं.

क्षमानं पुन्हा लुगड्यांकडे कळ दाबून पाहिलं, तिथं साठच निघत होती. प्रश्न चांगला होता, आणि तो एकट्या काकीनंच विचारला होता.

दुसऱ्या सांजेला समितीनं डिचोलीहून भिकाजीबुवांना आणलं. बुवा यंत्रांचे जाणकार. कुणाचा पंप, कुणाची स्कूटर, कुणाच्या मोबाइलची रेंज. यंत्रावर बसलेलं जे काही असेल ते बुवा उतरवीत. बुवांच्या स्वतःच्या गाडीला त्या दिवशी वाटेत धक्का मारावा लागला होता, पण त्या गोष्टीचा कोणी उच्चार केला नाही.

बुवांनी लॅपटॉपखालची मखमल बाजूला केली, दोन नारळ मांडले, त्यांवर लॅपटॉप पूर्वेकडे तोंड करून ठेवला. धूप पेटवून त्याला सुपानं वारा घालायला सुरुवात केली आणि गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडपानं साथ दिली.

"आज ह्या लेकरान तुज्या वाटेर यंत्र आणला असा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या कीबोर्डाच्या फटीत, बॅटरीच्या बगलेत, रॅमच्या आडोशाक कोण उभो रवलो असात, तेका वाट मोकळी करूक सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी गेलेलो तो वायफायच्या वाटेन परत येवचो नाय, अशी राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

देवळात वायफाय नव्हतं. तरी बंदोबस्त झाला.

"चलय आता," बुवा म्हणाले.

क्षमानं कळ दाबली. गाव सरळ वडाखालून गेलं. पारंब्या हलल्या, पारावरचं ऊन हललं, आणि वाट पलीकडच्या शेतात उतरली. मंडपात बायांनी हात जोडले. सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं.

बुवांनी नारळ उचलून पिशवीत टाकले, लॅपटॉप पुन्हा मखमलीवर ठेवला. थोड्या वेळानं कुणाच्या तरी हौसेखातर क्षमा परत वडाकडे गेली, तर वाट पुन्हा अडलेली.

बुवा जराही गडबडले नाहीत. "तेचा मन बसला यंत्रार. विचारल्याशिवाय तेची जागा यंत्रात घातली. येत्या आयतवारी सांजेक यंत्र वडाखाली ठेवा. मागे बघू नका, उजाडेपर्यंत कोणी तिकडे फिरकू नका. तेणी ठेवला तर तुमचा, न्हेला तर तेचा."

"न्हेला तर मी काम कशार करू?" क्षमानं विचारलं.

"पोरी, गावार संकट आयला तर काम कोणासाठी करशीत?"

घरी सगुण लेकीकडे न बघता म्हणाला, "बाय, माका समजता. पण उद्या गावात कोण आजारी पडलो, कोणाची गाय मेली, तर बोट तुज्याकडेच दाखवतले. मी ह्या गावात जन्म काडलो. यंत्र ठेवया."

"पप्पा, आयतवारपर्यंत थांबशात?"

"थांबतंय."

बाप तिच्या बाजूला नव्हता, पण तिच्यासाठी भीत होता. म्हणून तिला त्याचा राग येईना.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखं मखमलीवर यंत्र ठेवून कामाला बसली. सावल्या कमी केल्या, चित्राचा आकार लहान केला, ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर नवं करून घेतलं. थोडा फरक पडला, वड काही सुटेना. मग तिनं चित्रातला वड उचलला आणि तळीकाठी नेऊन लावला. आता गाव तळीपाशी अडखळू लागलं, आणि वडाविना राखणदाराची जागा मोकळी वाहू लागली. अडवत होता तो वडच. हौसेनं तिनं त्याचं पान न् पान वेगळं केलं होतं. लाखभर पानं, प्रत्येक पानाची वेगळी सावली, आणि दर क्षणाला यंत्रानं ती सगळी नव्यानं काढायची.

पण मग बुवांपुढे तोच वड कसा सुटला? ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलेलं नाकारायचं नाही, एवढं ती स्वतःला बजावत होती. तिनं नारळ आणले, सूप आणलं, धूप पेटवला, दाराला कडी लावून मोठ्यानं गाऱ्हाणंसुद्धा घातलं. वड सुटला. मग एका वेळी एकच गोष्ट काढली. गाऱ्हाणं सोडलं, वड सुटला. धूप सोडला, सुटला. पूर्वेऐवजी पश्चिमेला तोंड केलं, सुटला. सूप ठेवून दिलं, तरीही सुटला. शेवटी नारळ काढून लॅपटॉप मखमलीवर ठेवला. काही वेळात गाव वडाशी उभं.

तिनं लॅपटॉप उचलून खाली हात लावला आणि झटकन मागे घेतला. भाकरीचा तवा बरा. हवा आत घ्यायच्या जाळीत मखमलीची लव अडकली होती.

ती मखमल सगुणाची. देवाचं काम चालतं त्या यंत्राखाली उघडी जमीन नको, म्हणून देवाच्या पेटाऱ्यातलं जुनं वस्त्र त्यानं पहिल्याच दिवशी भक्तिभावानं पसरलं होतं. आणि बापानं पसरलेली माया म्हणून क्षमानंही कधी त्याखाली डोकावून पाहिलं नव्हतं.

रविवारी सांजेला सगळा वाडा मंडपात जमला. बुवा नवी पिशवी घेऊन आले होते.

"बुवांनू, यंत्र देतंय," क्षमा म्हणाली. "त्याआधी एकदा गाऱ्हाणा घाला. यंत्र मखमलीर ठेवन."

"नारळ होये."

"नारळाशिवाय राखणदार आयकणा नाय काय?"

काकी खुदकन हसली. बुवांनी गाऱ्हाणं घातलं, मंडपानं साथ दिली. चादरीवर वड आला नि थबकला. क्षमानं चित्रातला वड उचलला आणि ती कळ दाबत पुढे निघाली. वेशीपलीकडे तिनं नव्यानं बसवलेला एक भगवा झेंडा दिसला, पत्र्याची शेड दिसली.

"हो खंयचो मठ गो?" कोणीतरी विचारलं.

"बुवांचो," क्षमा म्हणाली आणि वड मठाच्या अंगणात रोवला. मठ जागच्या जागी थरथरू लागला.

"राखणदार फिरतो असता," बुवा म्हणाले.

"मगे आता तो तुमच्या अंगणात असा. यंत्र थंयच ठेवया, राखणीक आमीय येतो. सगळे."

आज गाडी न आणलेल्या बुवांना डिचोलीची शेवटची बस आठवली, पण गर्दीतून वाट मिळेना.

क्षमानं जांभ्या दगडाचे दोन चिरे मागवले, त्यांवर लॅपटॉप ठेवला, जाळीतली लव ब्रशनं काढली आणि यंत्राचा तापमानाचा आकडा चादरीच्या कोपऱ्यात सगळ्यांना दिसेल असा लावला. आकडा उतरत गेला. या वेळी गाऱ्हाणं कोणी घातलं नाही. मग वडाकडे कळ दाबली आणि गाव पारंब्यांखालून पाण्यासारखं गेलं.

"पानांचा ओझा, मखमलीची गुदमर," ती म्हणाली. "तापला की जळान जाव नये म्हणान यंत्र आपसूक सावकाश चलता. नारळांनी तेका वारो दिलो. बुवांनी काय केला ता बुवांकाय ठावक नसतला. आता लांबची पानां मी साधी करतंय, मगे ओझाय हलका होतला."

"म्हणजे राखणदार नाय?" मागून एक म्हातारा जरबेनं म्हणाला.

"तो असा की नाय, ता तुमी तुमच्या मनाक विचारा. पण ह्या काम तेचा नव्हता."

सगुण उठला, बुवांसमोर गेला.  "बुवांनू, यंत्र वडाखाली येवचा नाय. उद्या माज्या घरात काय झाला तर मी डॉक्टराक बोलयन, तुमका नाय."

मंडप रिकामा होऊ लागला तशी यशोदाकाकी क्षमाच्या शेजारी येऊन बसली. 

"बाय गो, बुवान माजी प्रेशरची गोळी बंद केल्यान. दोरो बांदल्यान आनी म्हणालो, गोळीन दोऱ्याची ताकद जाता." तिनं मनगटावरचा दोरा चाचपला. "माका बरा वाटता हल्ली. आता काय एकेक काडून बघूचा?"

क्षमानं तिचा हात हातात घेतला. "नाय काकी. यंत्र बिघाडला तर दुसरा मेळता. तुज्यार प्रयोग नको. गोळी खंय असा तुजी?"

"कपाटात."

"उद्या सकाळीच पेडण्याच्या दवाखान्यात जावया. डॉक्टर प्रेशर मोजतलो, तेचो आकडो तू स्वतः बघ. बरा वाटणा आनी बरा असणा, दोनी वेगळी. दोरो आकडो दाखवणा नाय."

काकी उठली. दाराशी जाऊन वळली. "आकडो वायट आयलो तर?"

"तर ता वेळेर कळला, ह्या बरा झाला."

वाचणाऱ्यांनो, एवढंच सांगणं. नवल दिसलं तर हात जोडायला घाई नको, हसायलाही नको. खाली हात लावून बघा. एका वेळी एक गोष्ट काढून बघा. आणि जिथे माणसाचा जीव आहे तिथे आपण काढघाल करू नका, मोजणाऱ्याकडे जा.