न मळलेली जर्सी

त्या फुटबॉल क्लबात दिग्गज ठरवायची रीत जगावेगळी होती. ट्रॉफ्या, गोल, टाळ्या हे सगळं नंतर. सभागृहातल्या मानाच्या भिंतीवर तुमचा फोटो लागायचा असेल, तर आधी तुम्ही जिची किंवा ज्याची संघातली जागा घेतलीत, त्या माणसानं भर सभेत उभं राहून सांगायचं, की होय, माझ्या जागी हाच खेळाडू हवा होता. क्लबाच्या पहिल्यावहिल्या अध्यक्षाच्या डोक्यातून निघालेलं हे खूळ. त्याचं म्हणणं असं, की प्रेक्षक एका गोलानं पाघळतात आणि पत्रकार एका चहानं, पण ज्याला बाकावर बसावं लागलं तो फुकटचं कौतुक कशाला करेल? भिंतीत खिळा आधी ठोकायचा आणि मग विचारायचं. एक खिळा कित्येक वर्षं रिकामा होता. एका नावाजलेल्या सेंटर फॉरवर्डबद्दल विचारलं, तेव्हा त्याच्या आधीचा गडी नुसतं "नाही" म्हणाला आणि घरी निघून गेला. त्या खिळ्याला आता खजिनदार छत्री अडकवतो.

यंदा नवा खिळा ठोकला गेला तो धाकटीसाठी. महिला संघाची गोलकीपर म्हणून ती चौदा हंगाम खेळली होती. आणि तिनं जिची जागा घेतली, ती होती तिची सख्खी थोरली बहीण.

थोरली आता साठीला आली होती आणि मोटार चालवायला शिकवत होती. तिच्या गाडीला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक तिच्या. पण एके काळी तिला सगळे 'घार' म्हणायचे. चेंडू कुठेही जावो, ही हवेत झेप घ्यायची, आडवी होऊन चेंडू उडवायची आणि धप्पकन चिखलात पडायची, की मैदान नुसतं डोक्यावर घेतलं जायचं. वर्तमानपत्रातलं तिचं हवेतलं छायाचित्र अजून दिवाणखान्यात टीव्हीच्या वर होतं. मग तिच्या उजव्या हाताचं बोट मोडलं, राखीव म्हणून धाकटी उभी राहिली आणि उभीच राहिली.

घरात त्या बोटाला एखाद्या वडीलधाऱ्यासारखा मान होता. "बोट मोडलं नसतं तर आमची ही कुठल्या कुठे गेली असती," असं नवरा नव्या पाहुण्याला चहा यायच्या आत सांगायचा. आई जिवंत होती तोवर तीही तेच सांगायची. नातवंडं ते बोट धरून बघायची. आणि खुद्द धाकटी तर जिथे तिथे, सत्कार असो की लग्न, "ताईचं बोट मोडलं म्हणून माझा नंबर लागला" असं म्हणूनच पुढचं बोलायची. थोरलीच्या फुटबॉलमधलं आता तेवढंच उरलं होतं, एक छायाचित्र आणि एक बोट.

क्लबाचा सेक्रेटरी निरोप घेऊन घरी आला तेव्हा फार अवघडून बसला होता.

"ताई, कमिटीत जरा कुरबुर आहे. काहीजण म्हणतात, धाकट्या ताईंच्या खेळात डोळ्यात भरण्यासारखं काय होतं? एक उडी कुणाला आठवत नाही. लोक गोलचा तिसरा खांब म्हणायचे त्यांना. त्यामुळे सगळं आता तुमच्या शब्दावर आहे."

"मी म्हणेन की होय, चांगली खेळली," थोरली म्हणाली. "पण माझं बोट..."

"पण चालत नाही ताई. होय म्हणा किंवा नाही म्हणा, आणि कारण सांगा. 'होय, पण' म्हटलं की ते नाहीतच जमा होतं. तसा नियम आहे."

तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं. होय म्हणावं तर इतक्या वर्षांचं बोट गेलं. नाही म्हणावं तर बहिणीच्या खिळ्यालाही छत्री लागणार. थोरलीला दोन्ही जिवावर आलं. त्यात धाकटीचा फोन आला.

"ताई, तुला अवघड होत असेल तर राहू दे. मी त्यांना कळवते, फोटो नको म्हणून. तुझं बोट मोडलं नसतं तर मी कुठली उभी राहायला तिथे!"

हे वाक्य ऐकून थोरलीला आजवर दर वेळी बरं वाटत आलं होतं. या वेळी मात्र ते खटकलं. "बघते," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

सभेच्या दिवशी सकाळी तिच्या गाडीत शिकायला बसली होती औषधाच्या दुकानाची मालकीण. बाई हुशार, पण गाडी चालवताना गप्पा फार. वळणाच्या अलीकडे एक ट्रक उभा होता. त्याच्या पुढून एक माणूस पोतं घेऊन रस्त्यात आला आणि बाईंनी असा काही ब्रेक दाबला, की दोघी पट्ट्यात लटकल्या. माणूस शिव्या देत निघून गेला.

"वाचवला की नाही मॅडम?" बाईंचे डोळे चमकत होते. "काय ब्रेक मारला ना मी!"

"वाचवला, पण त्यात फुशारकी नको," थोरली रोजच्या सवयीनं म्हणाली. "ट्रकच्या खालून त्याचे पाय केव्हाचे दिसत होते. तेव्हाच वेग कमी केला असता तर ब्रेक मारावा लागलाच नसता. जोरात ब्रेक मारावा लागला, याचा अर्थ तुम्ही उशिरा बघितलंत."

हे वाक्य ती दिवसातून चारदा म्हणायची. आज मात्र ते तोंडातून गेलं आणि उलटं फिरून तिच्याच कानात शिरलं. बाई "मॅडम, आता निघू का?" असं विचारत होत्या आणि मॅडम समोरच्या काचेतून भलतंच काही पाहत होत्या.

थोरलीला दिसत होतं ते जुनं सरावाचं मैदान. बोटाची पट्टी सुटली होती, हात पहिल्यासारखा झाला होता आणि ती धाकटीच्या गोलमागे चेंडू आणून द्यायला उभी होती. समोरून एकामागून एक फटके येत होते आणि प्रत्येक चेंडू धाकटीच्या छातीशी येऊन विसावत होता. हिच्या अंगावरच मारताहेत सगळ्याजणी, असं तेव्हा थोरलीला वाटलं होतं आणि तिनं नाकही मुरडलं होतं. पण त्या अंगावर मारत नव्हत्या. फटका मारणारीचा पाय मागे जायच्या आत धाकटी दोन पावलं सरकलेली असायची. प्रत्येक वेळी. थोरलीनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ लावायचं इतकी वर्षं टाळलं होतं.

"निघा," ती म्हणाली. "सावकाश."

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. धाकटी शेवटच्या रांगेत बसली होती, कुणीतरी चुकून बोलावलं असावं तशी. अध्यक्षीणबाई दातांच्या डॉक्टर होत्या. त्यांनी दवाखान्यातल्याच सुरात शांतपणे विचारलं, "तुमच्या जागी हीच हवी होती का?"

थोरली उभी राहिली.

"होय. कारण सांगते. आमची आई आमच्या दोघींच्या जर्सी धुवायची. माझी जर्सी दोन पाण्यांत निघायची नाही इतका चिखल, आणि हिची घडी मोडल्यासारखीही वाटायची नाही. आई म्हणायची, थोरली किती जीव तोडून खेळते, आणि ही नुसती उभी असते. तुम्हीही सगळे तेच म्हणत होतात. मलाही तेच वाटायचं. अहो, मी उड्या मारायचे, कारण मला पोचायला उशीर व्हायचा! हिची जर्सी मळायची नाही, कारण चेंडू यायच्या आधी ही तिथे असायची. मी चेंडू अडवायचे तेव्हा तुमचा श्वास अडकायचा. हिच्या वेळी तुम्ही निवांत शेंगदाणे खात बसायचात. ते शेंगदाणे हिनं तुम्हाला खाऊ घातले."

कुणीतरी हसलं, पण लगेच गप्प झालं.

"आणि ते बोट," थोरली म्हणाली. "बोट हंगाम संपायच्या कितीतरी आधी बरं झालं होतं. आमच्या प्रशिक्षक सरांनी मला परत घेतलं नाही ते बोटामुळे नाही. त्यांना डोळे होते म्हणून."

कमिटीत एक जुनी स्ट्रायकर होती, एके काळी दुसऱ्या क्लबाकडून दोघी बहिणींच्या विरुद्ध खेळलेली. तिला सगळे 'डावरी' म्हणत. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मी आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. घारीनं माझा चेंडू अडवला की मला वाटायचं, काय अडवला! आणि धाकटीसमोर प्रत्येक वेळी वाटायचं, आज माझाच पाय बिघडलाय. मी दोनदा बूट बदलले तिच्यापायी."

आता मात्र सगळं सभागृह हसलं आणि हसता हसता टाळ्या सुरू झाल्या. त्या लवकर थांबल्या नाहीत. शेवटच्या रांगेत धाकटी मान खाली घालून पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

सेक्रेटरी फ्रेम घेऊन पुढे आला तो ओशाळलेलाच. "खेळतानाचं छायाचित्र खूप शोधलं हो, पण मिळालंच नाही. छायाचित्रकारांना टिपायला काही सापडतच नसे. हे एवढंच आहे." छायाचित्रात धाकटी सरळ उभी होती. चेंडू छातीशी, जर्सी स्वच्छ, आणि चार हातांवर समोरची खेळाडू डोक्याला हात लावून बसलेली.

"अहो, हेच तर खेळतानाचं आहे," थोरली म्हणाली आणि तिनं स्वतः ती फ्रेम खिळ्याला लावली. तिरकी झाली म्हणून काढून पुन्हा लावली. बहिणीचा तिला इतका अभिमान याआधी कधी वाटला नव्हता. तो कितीतरी आधीच वाटू शकला असता हे कळून तिचे डोळे भरून आले.

परतताना दोघी त्याच दोन ब्रेकच्या गाडीत बसल्या.

"ताई, बोटाचं कशाला काढलंस?" धाकटी म्हणाली. "आता घरी, भावोजींना..."

"त्यांना सांगेन मी. खरं तेच सांगितलं. बोट बरं झालं होतं. तुला माहीत नव्हतं ते."

"मला माहीत नव्हतं?" धाकटी खिडकीकडे बघत म्हणाली. "ताई, तुझी पट्टी मी सोडली होती. तू मूठ वळून दाखवलीस मला."

थोरलीनं गाडी हळूच कडेला घेतली. चौदा हंगाम, त्यानंतरची सगळी वर्षं, सत्कार, लग्नं, आणि प्रत्येक ठिकाणी धाकटीचं ते बोटाचं वाक्य तिला आठवलं.

"म्हणजे मी पडायच्या आधी," ती म्हणाली, "तू तिथेही येऊन उभी होतीस."