पुढच्या चाकांचे पॅड

रामहरीने ब्रेक पॅडचा खोका काउंटरवर असा आपटला, की शेजारच्या वाटीतले नट उडून जमिनीवर सांडले.

"हे कुणाला देतो बे? नख लावलं की भुगा पडतोय ह्याचा!"

दुकानदार माऊली नट वेचायला खाली वाकला. वेचता वेचता त्याची नजर रामहरीच्या पायांकडे गेली आणि हात तिथेच थांबला.

"तात्या, तुमची..."

"माझं राहू दे. माल दाखव."

माऊली गुमान उठला. नेकनूरच्या बाजारात रामहरी ड्रायव्हरच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती, आणि आज तर राग नाकाच्या शेंड्यावरच बसलेला होता. एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस. मांजरसुंब्याचा घाट त्याने धुक्यात उतरला, पावसात उतरला, एकदा तर अंगात ताप असताना उतरला; पण गाडीत बसलेल्या कुणाच्या केसालाही धक्का लागू दिला नाही. निवृत्तीच्या दिवशी आगारात मिळालेलं मानपत्र घरी देव्हाऱ्याशेजारी टांगलेलं होतं आणि दर दिवाळीला त्याची काच तो स्वतः पुसायचा.

त्याच माणसाने काल स्वतःच्या अंगणात मोटार हौदाला नेऊन ठोकली होती. हौदापाशी त्याची बायको सावित्रीबाई भांडी घासत बसलेली. ती ऐनवेळी बाजूला झाली म्हणून वाचली. परात मात्र चाकाखाली चेपली.

ब्रेक लागला नाही. हे एकच वाक्य रामहरी कालपासून येईल-जाईल त्याला सांगत होता. मी दाबला, ब्रेक लागलाच नाही. सावित्रीबाईने त्यावर चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने चेपलेली परात उचलून भिंतीला टेकवून ठेवली आणि संध्याकाळी भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "परवा डोळ्याच्या आप्रेशनला बीडला मी एसटीनं जाते."

एसटीनं! रामहरी ड्रायव्हरची बायको, दारात मोटार उभी असताना, पिशवी घेऊन स्टँडवर उभी राहणार आणि सगळं गाव बघणार. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यात पुण्याहून मुलाचा, सुरजचा फोन. मोटार त्याच्याच पैशांची. "बाबा, आता गाडी स्वप्नालीला चालवू द्या. तिच्याकडं लायसन हाय." आणि स्वप्नाली, म्हणजे रामहरीची सून, तिने तर कहरच केला. ती कधी आवाज चढवून बोलत नाही, हेच त्याला सोसत नाही.

"मामा, डॉक्टर म्हणलेते ना, शुगरनं पाय बधिर होतात. एकदा दाखवून येऊ."

"माझे पाय दाखवायला मी काय बाजारातला बैल हाय?" तो ओरडला होता, आणि अर्ध्या भाकरीवरून उठला होता.

म्हणून आज सकाळी त्याने मोटार पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने, स्टँडजवळच्या शहादेवच्या गॅरेजात आणली. सून शेजारी बसून होती. गॅरेजात शिरल्या शिरल्या तो उतरला, दार धाडकन लावलं, किल्ली बाकावर फेकली आणि शहादेवला म्हणाला, "पुढची दोन्ही चाकं खोल. पॅड मी आणतो. तुमी लोकं हातात येईल ते बसवता." मग तो तरातरा गल्लीने माऊलीच्या दुकानाकडे निघाला. एप्रिलचं ऊन, अकरा वाजतानाच रस्त्याचं डांबर मऊ झालं होतं. चहावाल्याने टपरीतून हाक मारली, "ओ तात्या! तात्या, थांबा की!" रामहरीने मान वळवली नाही. हौदाची बातमी गावभर झाली असणार आणि ह्यांना तीच चघळायची असणार, हे त्याला ठाऊक होतं.

माऊलीने आता दुसरे दोन खोके पुढे ठेवले. रामहरीने एकातला पॅड काढला, नाकाशी नेला, पालथा करून मागचा पत्रा पाहिला.

"रंग देऊन गंज झाकलाय."

"न्हाई तात्या, नवीन लॉट हाय."

"मला शिकवू नको. गाड्यांचे लायनर मी हातानं रिव्हेट मारून बसवलेत, तू तवा शाळंत पळत होता." त्याने तिसऱ्या खोक्यातला पॅड घेतला, दोन्ही तळहातांवर दोन पॅड ठेवून वजन जोखलं. कडेवरून नख ओढलं. भुगा पडला नाही. पुन्हा ओढलं.

"हे सिरॅमिकचे," माऊली म्हणाला. "भारी हायेत. आजिबात आवाज करत न्हाईत."

"मला गप बसणारे नकोत. थांबणारे पायजेत."

"थांबतेत की. तात्या, तेवढं तुमच्या पायाचं..."

"माझ्या पायाचं काय?" रामहरीचा आवाज एवढा चढला की रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबली. "तुलाबी सांगितलं का कुणी? माझे पाय चांगले हायेत! एकतीस वर्षं ब्रेकवर होते हे पाय! खराब हाय ते तुमचं सामान!"

माऊलीने खोका कागदात गुंडाळून दिला आणि मान खाली घालून पुन्हा नट वेचू लागला. रामहरी खोका काखेत मारून परत निघाला. आता बरं वाटत होतं. हातात इलाज होता. पॅड बदलायचे, अंगणात चार चकरा मारायच्या, सावित्रीबाईला पुढच्या सीटवर बसवून बीडला न्यायचं. हौदाचा विषय मिटला.

गॅरेजात मोटार जॅकवर चढलेली होती. चाकं भिंतीला टेकवलेली. स्वप्नाली पत्र्याच्या सावलीत पाण्याची बाटली घेऊन बसली होती. शहादेवने काढलेले चार पॅड जुन्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते आणि तो उगाचच हात पुसत उभा होता.

"हे घे. एक नंबर माल."

शहादेवने खोका घेतला, पण उघडला नाही.

"तात्या, बसा जरा."

"बसायला आलतो का मी?"

रामहरीने वाकून जुना पॅड उचलला. उचलतानाच त्याला कळलं. तरी त्याने खोका ओढून घेतला, त्यातला नवा काढून जुन्याशेजारी धरला. जाडीत फरक होता तो पोस्टकार्डाएवढा. असे पॅड अजून दोन वर्षं सहज गेले असते. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, आणि म्हणूनच तो ओरडला.

"दुसऱ्या चाकाचे दाखव!"

"चारी सारखेच हायेत."

"मग ऑइल कमी झालं असंल. न्हाईतर हवा धरली असंल."

"बघितलं तात्या. ऑइल काठोकाठ हाय. पॅडल दगडावानी घट्ट लागतंय. मी दाबून बघितलं, वहिनीलाबी दाबायला लावलं."

"म्हंजे मी खोटं बोलतो?" रामहरीच्या मानेची शीर फुगली. "काल मी ब्रेक दाबला! ह्या पायानं दाबला, ह्या!" त्याने उजवा पाय जमिनीवर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. गॅरेजच्या त्या जमिनीवर तारेचे तुकडे, वॉशर, लोखंडाचा कीस काय काय पडलेलं होतं. शहादेव त्या पायाकडे बघत राहिला. 

रामहरीने सुनेकडे पाहिलं. ती दूर होती. मग तो शहादेवच्या अगदी जवळ गेला आणि आवाज खाली आणला.

"शहादेव, ते जुने ग्राइंडरला लाव. पार पत्र्यापातूर घास. अन् नव्याच्या खोक्यात घालून दे मला."

जुना पार्ट नव्याच्या खोक्यात घालून गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा, ही गॅरेजची रीतच होती. बदलला म्हणून खात्री पटते. सावित्रीबाई तो खोका उघडणार. मोतीबिंदूने तिला धड दिसत नव्हतं, पण ती बोटांनी चाचपून बघणार आणि म्हणणार, खरंच की, काही उरलंच नव्हतं.

शहादेवचा बाप अकरा वर्षं रामहरीच्या गाडीवर कंडक्टर होता. रामहरीने कुणापुढे कधी हात पसरल्याचं शहादेवने ऐकलंही नव्हतं.  शहादेव मोटारीकडे गेला, ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून आत वाकला आणि एक चप्पल घेऊन आला. ती त्याने रामहरीच्या उजव्या पायाशेजारी नीट सरळ ठेवली.

"ही आत राहिलती, तात्या. ब्रेकच्या पॅडलखाली."

रामहरीने खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल होती. उजवा पाय अनवाणी होता.

माऊलीने तोंड उघडलेलं त्याला आठवलं. चहावाल्याची हाक आठवली. गल्लीभर मऊ झालेलं डांबर आठवलं. मग तो भिंतीला टेकवलेल्या चाकांपाशी गेला, त्यातलं एक आडवं पाडून त्यावर बसला आणि उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. तळवा काळा झाला होता. डांबराचे ठिपके चिकटले होते आणि बोटांच्या मुळाशी कातडी पांढरी होऊन फुगली होती. टाचेजवळ बाभळीच्या काट्याचं टोक दिसत होतं. त्याने ते दोन नखांत धरून ओढलं. बोटाच्या पेराएवढा काटा सरळ बाहेर आला. मागून रक्ताचा थेंब आला.

रामहरी दुखायची वाट बघत बसला. दुखलं नाही. त्याने त्याच जागी अंगठा रुतवला, जोर लावून रुतवला.

"सकाळी घालूनच निघालतो," तो म्हणाला. कुणी काही विचारलेलं नव्हतं.

स्वप्नाली बाटली घेऊन आली आणि त्याच्या पायाशी बसली.

"राहू दे!" तो खेकसला. तिने ऐकलं नाही. पाणी ओतलं, पदराने तळवा पुसला. पाणी गार होतं की उन्हाने तापलेलं होतं ते त्याला कळलं नाही. त्याला राग आला. पायाचा आला, काट्याचा आला, माऊलीने पुन्हा का ओरडून सांगितलं नाही म्हणून त्याचाही आला. आणि सगळ्यात जास्त ह्या पोरीचा आला, कारण ती बरोबर होती आणि तरी मान वर करून बघत नव्हती.

"तात्या," शहादेव हळूच म्हणाला, "मग घासू का?"

"गाढवा, चांगले पॅड घासतेत का कुणी?" रामहरीचा आवाज पत्र्यावर आदळला. "हायेत तेच बसव. अन् हा खोका माऊलीला परत दे. त्याला म्हणावं, माल चांगला हाय."

चाकं चढेपर्यंत तो तिथेच बसून राहिला. मग उठला, चप्पल पायात घातली, घातली गेली की नाही ते वाकून पाहिलं. बाकावरची किल्ली उचलून मुठीत धरली आणि सुनेसमोर हात केला.

"धर."

"मी?"

"मग काय तुझी सासू चालवंल? अन् ऐक. रिकामा पाय ब्रेकवर ठेवून चालवायची न्हाई. उद्या घाटात न्यूट्रल केली तर मी तिथंच उतरून जाईन. अन् हॉर्न कमी वाजव. सवारी घाबरती."

सवयीने तो उजव्या दाराशी गेला. दाराला हात घातला, काढला, आणि बॉनेटला वळसा घालून डावीकडे जाऊन बसला. आत पाय ठेवायला भरपूर जागा होती आणि पायाखाली काहीच नव्हतं. स्टँडसमोरचा गतिरोधक आला तसा त्याचा उजवा पाय नुसत्या मॅटवर दाबला गेला. मोटार सावकाश वर चढली, सावकाश उतरली. पोरीने गिअर वेळेवर बदलला. ह्याचाही त्याला राग आला.

खिशातला फोन वाजला. सावित्रीबाई होती.

"झाला का ब्रेक नीट?"

स्वप्नाली समोर बघत होती. तिला ऐकू गेलं होतं. रामहरीने खिडकीबाहेर पाहिलं. ऊन, पत्र्याची दुकानं, चहाची टपरी मागे जात होती.

"ब्रेक चांगलाच होता," तो म्हणाला.



"मग आता?"

"आता काय आता! उद्या एसटी-बिसटी काही न्हाई. स्वप्नाली नेणार हाय." त्याने फोन बंद करून खिशात कोंबला.

"पुढं बघ!" तो सुनेवर ओरडला. ती पुढेच बघत होती.